पावसात घोडा कुठे जातो?

आषाढातली सर कोसळते आहे. माळावर एक घोडा चरायला सोडलेला आहे. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर खास त्याच्यासाठी बांधलेलं छप्पर आहे. आत जमीन कोरडी, गवताची पेंढी टांगलेली, वरून पाण्याचा थेंब नाही. तरी हा पठ्ठ्या बाहेरच! पाठ वाऱ्याकडे केलेली, शेपूट मागच्या पायांत दाबलेलं, मान खाली. अंगावरून पाणी निथळतंय आणि तो निवांत उभा आहे. मग सर ओसरते, ऊन पडतं, आणि आपण थक्क होऊन बघतो तर काय, आता हा छपराखाली जाऊन उभा!

पावसात बाहेर आणि उन्हात आत. हे उलटंपालटं वागणं समजून घेतलं, की घोड्याला नेमकं काय हवं असतं हे कळायला लागतं.

घोड्याच्या पोटात एक शेगडी असते. सतत धुमसणारी, रात्रंदिवस न विझणारी. गवत खाल्लं की ते आधी जठरात जातं, पण घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदीच लहान असतं, जेमतेम एका बादलीएवढं पाणी मावेल इतकं. खरी गंमत पुढे, मोठ्या आतड्यात. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. गवतातला चिवट तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, घोड्यालाही एकट्याने पचत नाही. हे जीव तो आंबवतात, फोडतात, त्यातून घोड्याला ताकद मिळते आणि शिवाय भरपूर उष्णता तयार होते. म्हणून थंडीच्या दिवसांत जाणते लोक घोड्याला आधी वाळका चारा वाढवून देतात. पोटभर गवत मिळालेला घोडा आतून गरम राहतो.

ही उष्णता धरून ठेवायला अंगावर केस असतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. गारवा जाणवला की तो आखडतो, केस उभे राहतात आणि केसांमध्ये हवा अडकते. अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपल्या अंगावर थंडीत काटा येतो तो याच स्नायूंमुळे, फक्त आपल्या अंगावर उभे राहायला पुरेसे केस उरलेले नाहीत. हिवाळ्याच्या तोंडावर घोड्याला दाट केस येतात आणि उन्हाळा जवळ आला की ते झडतात. दिवस लहान होऊ लागला, की शरीराला आपोआप सूचना मिळते.

आता तो पावसाकडे पाठ करून का उभा राहतो, ते बघा. डोळे, कान, नाकपुड्या आणि पोटाखालची पातळ कातडी या सगळ्या जपायच्या जागा. पुठ्ठ्यांवर मात्र जाडजूड स्नायू असतात. म्हणून वारा आणि पाणी यांना सामोरा जातो तो पुठ्ठा. शेपटीचे लांब केस मांड्यांच्या आतल्या बाजूला वारा लागू देत नाहीत. एखादी सर आली तर पाणी वरच्या केसांवरून ओघळून जातं आणि कातडी बराच वेळ कोरडी राहते.

म्हणजे घोड्याला निवारा नकोच का? हवा, नक्की हवा! पाऊस दिवसेंदिवस थांबला नाही, की केस भिजून अंगाला चिकटतात. अडकलेली हवा निघून जाते. त्यात वारा सुटला की घोडा कुडकुडायला लागतो. तेव्हा छप्पर लागतंच. आणि शिंगरू, म्हातारा घोडा, आजारातून उठलेला किंवा हडकलेला घोडा यांना तर ते लवकर लागतं. ओलीचा आणखी एक त्रास आहे. कातडी आठवडाभर ओली राहिली, तर पाठीवर आणि पायांवर जंतूंची लागण होऊन खपल्या धरतात, केस पुंजक्यापुंजक्यांनी गळतात. अंग वाळवायला कोरडी जागा मिळाली तर हे बरंचसं टळतं.

आपल्या देशात मात्र थंडीपेक्षा ऊन जास्त छळतं. एप्रिल-मे महिन्यांत बारामती, फलटण, सोलापूर भागातला माळ कसा भाजून निघतो, हे तिथल्या मुलांना वेगळं सांगायला नको. घोडा आपल्यासारखा सगळ्या अंगाने घामाघूम होतो. सस्तन प्राण्यांत ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे. त्याच्या घामात एक खास प्रथिन असतं. त्यामुळे घाम केसांतून पटकन पसरतो आणि लवकर वाळतो. धावून आलेल्या घोड्याच्या मानेवर पांढरा फेस दिसतो ना, तो या प्रथिनामुळेच. घामाबरोबर मीठही जातं, म्हणून घोड्यापुढे मिठाचा खडा ठेवायचा. त्याला हवं तेव्हा तो चाटतो.

आणि माश्या! खरं सांगायचं तर घोडा छपराखाली पळतो तो पुष्कळदा माश्यांना कंटाळून. घोडमाशी चावते, रक्त पिते. घोड्याकडे तिच्याविरुद्ध शेपटी आहे, आयाळ आहे, आणि एक अफलातून युक्ती आहे. तो हवी तेवढीच कातडी थरथरवू शकतो. खांद्यावर माशी बसली की नेमकी तिथली कातडी हलते. (तुम्ही करून बघा. दंडावरची कातडी हात न हलवता हलवून दाखवा!) तरी माश्या हटत नाहीत. अशा वेळी सावलीत, अंधाऱ्या छपराखाली त्यांचा त्रास कमी होतो.

माश्यांवरून एक भन्नाट प्रयोग आठवला. इंग्लंडमधल्या काही शास्त्रज्ञांनी घोड्यांना चक्क झेब्र्यासारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची झूल घातली. कधी नुसती काळी झूल, कधी नुसती पांढरी. मग माश्या मोजत बसले. पट्ट्यांच्या झुलीवर माश्या फारच थोड्या बसल्या. डोकं झाकलेलं नव्हतं, त्यावर मात्र नेहमीइतक्याच! माश्या जवळ यायच्या, पण पट्टे दिसले की त्यांना वेग कमी करून नीट उतरताच यायचं नाही. काही आपटायच्या, काही पुढे निघून जायच्या. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा प्रयोग मला याहूनही आवडतो, कारण त्यात घोड्यालाच प्रश्न विचारला होता. नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी २३ घोड्यांना तीन पाट्यांची ओळख करून दिली. एका पाटीचा अर्थ ‘मला झूल घाला’, दुसरीचा ‘झूल काढा’, आणि तिसरीचा ‘आहे तसंच राहू द्या’. घोड्याने नाकाने ज्या पाटीला स्पर्श केला, तसं करायचं. रोज थोडा वेळ शिकवलं, तर दोन आठवड्यांत सगळे, अगदी सगळे २३ घोडे शिकले. मग त्यांना वेगवेगळ्या हवेत विचारलं. स्वच्छ ऊन पडलं होतं तेव्हा घोडे म्हणाले, काढा ती झूल. ओला, गार वारा सुटला तेव्हा म्हणाले, घाला. बाहेर फिरून स्वतःला काय हवं ते त्यांना ठाऊक होतं, फक्त सांगायची सोय नव्हती. २०१६ साली हे छापून आलं.

म्हणून कुरणातल्या घोड्यासाठी सगळ्यात चांगला निवारा कोणता? ज्याला दार नाही तो. घोड्याने हवं तेव्हा आत यावं, हवं तेव्हा बाहेर जावं. त्याला दावणीला बांधून कोंडून ठेवलं, तर निवाऱ्याचा अर्धा फायदा गेलाच.

असा निवारा बांधायचा तर तीन बाजूंना भिंत आणि एक बाजू संपूर्ण मोकळी. कोणती बाजू मोकळी? महाराष्ट्रात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूंना भिंत हवी. तोंड पूर्वेला ठेवलं, की पाऊस आत झोडपत नाही आणि हिवाळ्यात सकाळचं कोवळं ऊन थेट आत येतं. छपराचा उतार मागच्या भिंतीकडे हवा, नाहीतर सगळं पाणी तोंडाशीच पडून चिखल होतो. एका घोड्याला साधारण बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद जागा लागते, उंची दहा फुटांच्या आसपास. घोडा दचकला की मान झटक्यात वर करतो, तेव्हा डोकं आपटायला नको. नुसता पत्रा उन्हात तापतो आणि पावसात ताडताड वाजतो. त्यावर उसाचं पाचट किंवा झावळ्या अंथरल्या, की आत गारवा राहतो आणि आवाजही मरतो.

दोन घोडे असतील तर तोंड चांगलं रुंद ठेवायचं. घोड्यांमध्ये मानापमान असतात! एकजण दांडगाई करतो, दुसरा घाबरून असतो. अरुंद जागेत घाबरट घोडा कोपऱ्यात सापडला, तर दुगाण्या खाण्यापेक्षा पावसात भिजणं तो पसंत करतो. आणि मग मालक म्हणतो, ‘याला छप्परच आवडत नाही.’

कुंपणाला काटेरी तार नको. दचकलेला घोडा आधी पळतो आणि मग बघतो, त्यामुळे तारेने फाटलेल्या जखमा फार वाईट असतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, म्हणजे न वळता थेट पाठीमागचं आणि कपाळासमोरचं थोडं सोडून बाकी सगळं. पण बारीक तार नजरेत भरत नाही. लाकडी आडवे वासे किंवा रुंद पट्टी त्याला ठळक दिसते.

छपराखालची जमीन आजूबाजूपेक्षा थोडी उंच हवी. खाली मुरूम दाबून घातला तर पाणी साचत नाही. ही काळजी कशासाठी? खुरांसाठी.

खूर म्हणजे काय, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ घोड्याच्या पायांकडेच बघत बसलो होतो. घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर उभा असतो! आपलं मधलं बोट असतं ना, तेच बोट. आणि खूर म्हणजे त्या बोटाचं वाढलेलं, जाडजूड नख. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो भाग आपण गुडघा समजतो ते खरं तर मनगट. कोट्यवधी वर्षांपूर्वी घोड्याच्या पूर्वजांच्या पायांना जास्त बोटं होती. उघड्या माळावर पळता पळता पिढ्यान्‌पिढ्या कडेची बोटं आक्रसत गेली आणि मधलं एकच उरलं.

हे नख महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतं. दगडधोंड्यांतून चालणाऱ्या घोड्याचं ते आपोआप झिजतं, पण मऊ कुरणात ते वाढतच राहतं, कडा चिरफाळतात, चाल बिघडते. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचं. तो पाय मांडीवर घेतो, वाढलेला खूर तासतो, कानशीने घासून सपाट करतो. नुसत्या गवतावर राहणाऱ्या घोड्याला नाल लागतोच असं नाही, तासणं मात्र चुकत नाही. चिखलात दिवसरात्र उभं राहिलं तर खूर नरम पडतो, तळव्यातल्या खाचांत घाण अडकून कुजते आणि काळा, दुर्गंधीचा पू येतो. म्हणून रोज चारही पाय उचलून खाचा साफ करायच्या, आणि घोड्याला उभं राहायला निदान एक कोरडी जागा द्यायची.

खाण्यापिण्याचं एक सूत्र आहे: थोडं थोडं, पण दिवसभर. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सारखं तयार होत असतं, खात असो वा नसो. पोट फार वेळ रिकामं राहिलं तर जठराला जखमा होतात. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण आहे. घोड्याला उलटी होत नाही! अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की गिळलेलं परत वर येऊच शकत नाही. बुरशी आलेला कडबा खाल्ला, अचानक भरमसाट चंदी खाल्ली, तर ते बाहेर टाकायचा मार्ग नाही. मग पोटशूळ उठतो. घोडा मागे वळून पोटाकडे बघतो, पायाने जमीन खरडतो, लोळतो. हे दिसलं की घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक पशुवैद्याला बोलवायचं.

पहिल्या पावसानंतर माळ हिरवागार होतो तेव्हाही बेताने घ्यायचं. कोवळ्या, लुसलुशीत गवतात साखर बरीच असते. वाळक्या चाऱ्यावर उन्हाळा काढलेला घोडा त्यावर एकदम सोडला, तर त्याचे खूर आतून सुजतात आणि पाऊल टाकणं मुश्कील होतं. पहिल्या दिवशी थोडा वेळ, दुसऱ्या दिवशी थोडा जास्त, असं सवयीने वाढवायचं. आणि त्याला सोडण्याआधी कुरण आपल्या डोळ्यांनी चालून बघायचं. कण्हेर दिसली तर ती मुळासकट काढायची. तिची मूठभर पानंसुद्धा घोड्याचा जीव घेऊ शकतात. घाणेरीही नको. पाणी मात्र हवं तेवढं: एक घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पितो, कडक उन्हाळ्यात आणखी.

आता साडेतीनशे वर्षं मागे जाऊ. पावसाळ्यात घोड्यांचं काय करायचं, हा प्रश्न छत्रपती शिवाजी महाराजांनाही पडला होता. राज्याभिषेकाच्या सुमाराचं त्यांचं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. त्यात ते बजावतात, की पागेसाठी साठवलेलं धान्य आणि गवत आताच मनमानेल तसं उधळलंत, तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग पुढे आगीची काळजी. कोणी गवताजवळ चूल पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, आणि रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल! एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार सांभाळणारा माणूस उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करतो. मला तर हे पत्र घोडे पाळणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावं असं वाटतं. गवताची गंजी घोड्याच्या निवाऱ्यापासून लांब रचायची, हा नियम आजही तितकाच खरा आहे.

लिदीचं काय करायचं, तेही सांगतो. घोडा जिथे लीद टाकतो, तिथलं गवत शक्यतो खात नाही. हे शहाणपण आहे, कारण लिदीतून जंतांची अंडी पडतात, त्यातून बारीक अळ्या निघतात आणि गवताच्या पात्यांवर चढून बसतात. मोठ्या माळावर घोडा लांब जाऊन चरतो. छोट्या कुंपणात जाणार कुठे? म्हणून आठवड्यातून दोनदा लीद गोळा करायची. खड्ड्यात कुजवली तर छान खत होतं. दातांकडेही लक्ष हवं. घोड्याचे दात घासले जातात तसे हिरडीतून वर सरकत राहतात, कधी कडा धारदार होऊन गाल सोलवटतात. वर्षातून एकदा पशुवैद्याने तोंड उघडून बघायला हवं.

छप्पर, चारा, पाणी, खूर सगळं नीट आहे, आणि तरी घोडा दुःखी असू शकतो. कारण तो एकटा आहे. घोडा कळपात राहणारा जीव. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या मानेच्या बुंध्याशी दातांनी हलकेच खाजवतात. त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. आपण खरारा करतो तेव्हा तिथेच थोडं जास्त खाजवून बघा, वरचा ओठ लांब करून तो कसा सुखावतो! झोपेसाठीही सोबत लागते. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, कारण मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी तो अडकवून ठेवू शकतो आणि स्नायूंना फारसा ताण न देता उभा राहतो. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं होऊनच लागते. दिवसातून थोडा वेळच, पण लागतेच. आडवं व्हायचं तर आधी खात्री हवी की कोणीतरी पहारा करतंय. म्हणून कळपात काही घोडे लवंडतात तेव्हा एखादा उभा असतो.

उघड्यावर राहणारे घोडे प्रत्यक्ष बघायचे असतील तर लांब जायला नको. भीमा आणि नीरा नद्यांच्या खोऱ्यातले धनगर पिढ्यान्‌पिढ्या भीमथडी घोडे सांभाळत आले आहेत. लहान चणीचे, काटक, थोडक्या चाऱ्यावर निभावणारे. या घोड्यांची आता देशी जात म्हणून वेगळी नोंदही झाली आहे. दिवाळीनंतर या धनगरांतली कितीतरी कुटुंबं मेंढ्या घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याआधी परत देशावर येतात, कारण कोकणातला मुसळधार पाऊस त्यांच्या मेंढ्यांना सोसत नाही. घोड्याच्या पाठीवर सारं बिऱ्हाड असतं: भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी लहान मूलही. या घोड्यांना छप्पर नाही, पण कोरड्या प्रदेशाकडे नेणारी वाट आहे, चालून चालून घासलेले खूर आहेत, रोज नवं गवत आहे आणि सोबतीला अख्खा कळप.

असा एखादा घोडा वाटेत भेटला, तर आधी त्याच्या मालकाला विचारा. मग मागून जाऊ नका, अगदी नाकासमोरूनही नको, कारण कपाळासमोरचा थोडा भागही त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. त्याचे कान बघा. तुमच्याकडे वळले तर त्याने तुमची दखल घेतली. मागे पडून मानेला चिकटले, तर तिथेच थांबा. सगळं ठीक दिसलं तर हात सपाट धरून गवताची काडी पुढे करा, आणि तो खात असताना मान वाकवून त्याचे खूर नीट निरखून घ्या.